दक्षिणेच्या कोनाड्यातली बांडी

जवळ ये, मनू. कागदावर का होईना, खुर्ची ओढून जरा जवळ ये, कारण आधी तुला रागवायचं आहे आणि लांबून रागवायला मला आता दम पुरत नाही. मागच्या दिवाळीला तू आलीस, पुरते दोन दिवसही राहिली नाहीस, आणि तेवढ्यात माझ्या स्वयंपाकघरातल्या पालीवर झुरळांचा फवारा मारून गेलीस. वर मलाच म्हणालीस, आजी, तुझ्या घरात किती घाण प्राणी आहेत. ती पाल गॅसच्या ओट्यामागं तडफडत गेली आणि तू हात धुवून फोन बघत बसलीस. मी तेव्हा काही बोलले नाही, पाहुण्या पोरीला काय बोलायचं म्हणून. पण राग आला होता, आणि अजून गेलेला नाही. तुला कोणी सांगितलं नसेल, कारण सांगणारे आता मी सोडून कोणी उरले नाहीत, की तुझ्या आजीच्या, माझ्या सुमनताईच्या लग्नात एक पाल होती. तिच्याबद्दल लिहून ठेवते. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं वाचन सगळं किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून झालं, तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नको.

आमचं घर कामठ्याला होतं. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, पुढं पश्चिमेला उघडी असलेली लांब ओसरी. ओसरीला तीनच भिंती: मागची पूर्वेची, एका अंगाची उत्तरेची आणि दुसऱ्या अंगाची दक्षिणेची. दिशा ध्यानात ठेव, पुढं लागतील. होळी झाली की मोहफुलं पडायला लागायची. पहाटे माय आणि ताई टोपल्या घेऊन निघायच्या, उन्हं वर यायच्या आत परतायच्या, आणि मग अंगणभर फुलं वाळत पडायची. तो वास तुला कसा सांगू. गोड, जड, थोडा आंबूस, अंगाला चिकटून राहणारा. कपड्यांना, केसांना, भातालासुद्धा तो वास लागायचा. दुपारी माय लाखोळीची डाळ शिजत लावायची, ती चुलीवर बुडबुड करत राहायची, शेजारच्या घरी धान कांडायची ढेकी धबधब चालायची, आणि वारा तिकडून असला तर गोंदियाच्या स्टेशनातल्या इंजिनाची शिटी शेतावरून पोचायची. या सगळ्या आवाजांत आमच्या घरात एकाच आवाजाला मान होता, तो पालीचा.

मान होता तो आत्यामुळं. कौतिकाआत्या, बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन गेली होती, नवरा ताप येऊन वारला आणि तरुणपणीच माहेरी परत आली. बाबा तिला बाई म्हणायचे आणि तिच्या शब्दापुढं जायचे नाहीत. उंच, वाळकी, पाठ ताठ. घरातली कोणतीही मोठी गोष्ट, बैल घ्यायचा असो की सोयरीक करायची असो, आमच्याकडं दिवेलागणीला ओसरीत बोलली जायची. आत्या कंदिलाची वात सरळ करायची, ती गोष्ट एका वाक्यात मोठ्यानं म्हणायची, आणि मग सगळ्यांनी गप्प बसायचं. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवरून पाल चुकचुकली तर काम करायचं. दक्षिणेच्या भिंतीवरून चुकचुकली तर विषय तिथंच संपला. काहीच आवाज आला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. आवाज आला की आत्या बोटांनी जमिनीवर टकटक करून "सत्य हाय, सत्य हाय" म्हणायची. ही रीत तिच्या आईची होती आणि तिच्याही आईची.

आत्याच्या स्वतःच्या लग्नाचा निकालही असाच लागला होता. पहिलं एक स्थळ आलेलं, गावाजवळचंच, धानाची शेती असलेलं. आत्याच्या आईनं त्याचं नाव घेतलं आणि पाल दक्षिणेकडून बोलली. स्थळ परत गेलं. त्यानंतरच्याला उत्तरेकडून होकार आला, तो हा ताप येऊन गेलेला. तो पहिला मनुष्य मात्र चांगला जगला. आठवडी बाजारात त्याची बायको सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बसायची, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. आत्या त्या ओळीनं कधी जायची नाही, मागच्या गल्लीतून फिरून यायची. एकदा मायनं भीतभीत विचारलं होतं, "बाई, तुमाले कदी वाटत नाई का, त्याच घरी गेल्या असत्या तं?" आत्या म्हणाली, "तिथं गेली असती तं याहून वाईट झालं असतं. तिनं वाचवलं मले." तिनं म्हणजे पालीनं. याहून वाईट काय असतं ते आत्यानं सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

त्या वर्षी मी मुदतीच्या तापातून उठले होते. हातपाय काड्यांसारखे, केस गळलेले. मोहफुलं वेचायला नेत नव्हते, खाटेवर बसून पेज प्यायची आणि ओसरीच्या भिंती बघायच्या, एवढंच काम. भिंती बघता बघता मला पाली ओळखू यायला लागल्या. उत्तरेच्या भिंतीवर कॅलेंडरमागं एक मोठा जाडजूड राहायचा. संध्याकाळ झाली की तो मान वर करून बाहेर निघायचा आणि दुसरा कोणी नर दिसला की त्याला पार आढ्यापर्यंत पिटाळायचा. मी त्याचं नाव पाटील ठेवलं होतं. घरातला बहुतेक आवाज त्याचाच असायचा, पण ते मला तेव्हा नुसतं ऐकून माहीत होतं, त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता.

एका दुपारी मांजरानं एक पाल पकडली. आत्यानं हातातलं सूप फेकून मारलं तेव्हा मांजर पळालं. पालीची शेपूट बाजूला पडून वळवळत होती आणि पाल भिंतीच्या कडेला डोळे उघडे ठेवून पडली होती. आत्यानं तिला पदरात उचललं. घराची साक्षच ती, मांजराच्या तोंडी कशी द्यायची. दुकानातून गोळ्या-बिस्किटांची एक मोठी काचेची बरणी मागून आणली, तळाला माती घातली, कवेलूचे दोन तुकडे उभे-आडवे ठेवले, तोंडावर पातळ फडकं बांधलं आणि माझ्या हातात दिली.

"शेपूट येईपर्यंत तू पाह्य हिले. तसंही बसूनच राह्यते."

"खाते काय ही?"

"ते मले काय माईत. तिलेच विचार."

आणि मांजराचा हात पोचू नये म्हणून आत्यानंच ती बरणी ओसरीतल्या उंच कोनाड्यात ठेवली. तो कोनाडा दक्षिणेच्या भिंतीत होता. तेव्हा कोणी त्याचा विचार केला नाही.

बिनशेपटीच्या जनावराला आमच्याकडं बांडं म्हणतात, म्हणून हिचं नाव बांडी पडलं. बांडी काय खाते हे मला तिनंच शिकवलं. मेलेला किडा पुढं ठेवला तर ती बघायचीसुद्धा नाही. कंदिलाभोवती फिरणारं पाखरू जिवंत पकडून फडक्याखाली सोडलं की आधी डोकं फिरायचं, मग एक पाऊल, मग थांबायची, आणि मग इतक्या झपकन की मला तिचं तोंड कधी उघडलं ते कळायचं नाही. वाटीतलं पाणी ती प्यायली नाही. बरणीच्या काचेवर मी बोटांनी पाणी शिंपडलं तर थेंब न् थेंब चाटून घ्यायची, आणि नंतर त्याच जिभेनं स्वतःचा डोळा पुसायची. एकदा तिनं कात टाकली आणि ती कात हळूहळू ओढून स्वतःच खाऊन टाकली. मायला हे सांगितलं तर माय म्हणाली, "जेवतानी सांगू नोको व हे."

थोड्या दिवसांत पाटलानं घर बदललं. मी खाटेवरून रोज बघत होते. आधी तो आढ्याच्या लाकडावरून थोडा अलीकडं यायचा आणि परत जायचा. मग एका संध्याकाळी सरळ दक्षिणेच्या भिंतीवर उतरला आणि कोनाड्याच्या काठाशी बसला. काचेच्या आत बांडी, काचेबाहेर तो. शेपटीचं टोक मांजरासारखं हळूहळू हलवायचा आणि मग गळा फुगवून चुक् चुक् चुक्. ती हलली की पुन्हा. ती कवेलूमागं गेली की गप्प. त्यानंतर कॅलेंडरकडं तो फिरकलाच नाही. तिथं त्याच्या जागी एक बारका नर येऊन राहिला, तो बहुतेक मुकाच असायचा.

एके दिवशी किडा सोडताना मी फडकं ढिलं ठेवलं आणि पाटील आत शिरला. मी घाबरले, आता तो तिला मारणार. त्यानं तिच्या बाजूनं एक चक्कर मारली, नाक तिच्या अंगाला लावलं, आणि एकदम तिची मान जबड्यात धरली. ती तोंड उघडून थोडी वळली, पण पळाली नाही. त्यानं शेपूट तिच्या खाली वळवली आणि दोघंही बराच वेळ तशीच राहिली. आत्या मागून आली.

"भांडून राहिले का व ते? काढ त्याले बाहेर."

"भांडन नाई, आत्या."

माय चुलीपासून उठून आली, बरणीत बघितलं, आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "फडकं झाक व इंदू. दुसऱ्याच्या घरात असं पाह्यत नसते." आत्या आत गेली. माझे कान गरम झाले, पण मी बघायचं सोडलं नाही. सुटल्यावर पाटील वर चढला आणि फडक्याला उलटा लटकून जोरात चुकचुकला. बांडीच्या मानेवर दातांच्या बारीक खुणा उमटल्या होत्या. मी त्याला बाहेर काढलं. तो परत कोनाड्याच्या काठाशी.

पुढं बांडी जड झाली. काचेवर चढून बसली की मी खालून तिचं पोट बघायची. कातडी इतकी पातळ की आत दोन पांढरे गोळे दिसायचे, एक थोडा पुढं, एक मागं. दर दिवशी थोडे अधिक पांढरे. ताईला बोलावून दाखवले तर ती कितीतरी वेळ बरणीला नाक लावून बघत राहिली.

आता ताईचं सांगते. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगावी जत्रेसारखी मंडई भरते, पाळणे येतात, रात्रभर दंडारीचं नाटक चालतं, आणि मोठी माणसं त्या गर्दीतच मुलंमुली बघून ठेवतात. त्या मंडईत ताईच्या चपलेचा अंगठा तुटला. चांभाराकडं दरेकशाचा एक उंच मुलगा आपले बूट घेऊन नंबर लावून बसला होता, रेल्वेच्या लाईनीवर गँगमध्ये काम करणारा. तो उठला आणि म्हणाला, "यांचं आदी करा, मले लांब नाई जायाचं." आणि त्याला तर दरेकशाला जायचं होतं, रात्रीच्या गाडीनं. एवढंच झालं. ताईनं ती चप्पल पुन्हा पायात घातली नाही, धुवून फळीवर ठेवली. होळीनंतर त्याच मुलाचा मामा निरोप घेऊन आमच्याकडं आला. आमच्या हातचा भात आणि कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाची वडी खाऊन जाताना सांगून गेला की अक्षय तृतीयेपर्यंत कळवा, आमगावचीही एक मुलगी सांगून आली आहे, आम्हाला याच उन्हाळ्यात करायचं आहे. तो बोलत होता तेव्हा ताई दाराआड उभी होती आणि तिचे डोळे फळीवरच्या चपलेकडं होते. तिला काय हवं आहे ते त्या घरात मला, मायला आणि भिंतींना माहीत होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

मामा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक झाली. ताई सुपात तांदूळ निवडत होती. आत्यानं वात सरळ केली आणि म्हणाली, "दरेकशाच्या पोराले आपली सुमन द्यायाची हाय." सगळे गप्प झाले. अंगणात मोहाचा वास दाटला होता, गोठ्यात बैलाची घंटा एकदा वाजून थांबली. आणि पाल बोलली. दक्षिणेच्या भिंतीवरून, मोठ्यानं, दोन वेळा.

आत्यानं जमिनीवर टकटक केलं. "सत्य हाय. नाई जमत हे." बाबांनी मान हलवली. ताईनं मान वर केली नाही. तिचे हात चालूच होते, पण निवडलेले तांदूळ आणि काढलेले खडे ती पुन्हा एकत्र करत होती. मग ते सूप तसंच घेऊन आत गेली.

मी खाटेवरून म्हणाले, "आत्या, तो आपल्याले नाई बोलून राहिला. बांडीले बोलून राहिला."

"कोन?"

"पाटील. आदी तो उत्तरेले राह्यचा. बरनीत बांडी हाय म्हनून इकडं येते. रोज याच वक्ताले बोलते. तू नाव घेतलं नसतं तरी बोलला असता."

बाबा कडाडले, "चूप बस व पोट्टे. तापातून उठली नाई तं मोठ्यायले शिकवून राहिली."

आत्या मात्र रागावली नाही. ती कोनाड्याकडं बघत होती. तिनं विचारलं, "बरनी तिथं कोनं ठेवली?"

चुलीपासून मायचा आवाज आला. "तुमीच ठेवली, बाई."

सकाळी आत्या माझ्या खाटेपाशी आली आणि म्हणाली, "बरनी उत्तरेले ठेव. मी पाह्यते." बाबांना तिनं सांगितलं, दरेकशाला आत्ताच नकार कळवू नको. बाबांनी कारण विचारलं नाही.

पहिल्या संध्याकाळी पाटील रिकाम्या कोनाड्याशी बसून राहिला आणि गप्पच होता. आत्याचा चेहरा बघून मला वाटलं, माझं सगळं चुकलं. ताई पाणी आणायच्या निमित्तानं ओसरीतून जायची आणि यायची, भरलेली घागर रिकामी करून परत जायची. पुढच्या संध्याकाळी तो आढ्यावरून निघाला, थांबत थांबत उत्तरेच्या भिंतीवर उतरला, कॅलेंडरमागच्या बारक्याला हाकललं आणि बरणीशी येऊन बोलला. मायला तर हसूच आलं. "झालं ना बाई, उत्तरेकडून बोलला. आता होकार धरा."

आत्या म्हणाली, "आज गोष्टच बोलली नाई कोनी. असं खोटं नाई धरत मी."

बघ मनू, तिथंच काम भागलं असतं. घरातली सगळी माणसं तेवढ्यावर खूश होती. पण आत्याला स्वतःला फसवता येत नव्हतं. तिनं बरणी पूर्वेच्या भिंतीशी नेली, पाटील मागोमाग. गोठ्यात नेली, तर तिकडं दुसराच एक नर होता, तो बोलायला लागला. संध्याकाळ झाली की ती बरणी पदराखाली धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची आणि उभी राहायची. जेवण कमी झालं. अक्षय तृतीया जवळ आली. बाबा दोनदा म्हणाले, "बाई, काय सांगायचं त्यायले?" ती म्हणायची, "थांब." आणि आत ताई रोज सकाळी ती चप्पल फळीवरून काढून पुसायची आणि परत ठेवायची. मी तेव्हा लहान होते, मला आत्याचा राग येत होता. एवढं दाखवलं, अजून काय हवं हिला. आता मला कळतं की तिला ताईच्या लग्नाचा निकाल कळून चुकला होता. अडली होती ती दुसऱ्याच ठिकाणी.

त्या दिवशी सगळे अंगणात मोहफुलं गोळा करत होते, आभाळ भरून आलं होतं म्हणून. ओसरीत आत्या आणि मी दोघीच. बरणी पुन्हा दक्षिणेच्या कोनाड्यात होती, आत्यानंच ठेवलेली. बांडी सकाळपासून कवेलूखाली माती उकरत होती, बाहेर येत होती, पुन्हा उकरत होती. उजेड उतरायला लागला तसं तिनं अंग वाकवलं आणि स्थिर झाली. मी आत्याचा हात धरून तिला जवळ ओढलं. बांडीचं अख्खं अंग एका लयीत आवळत होतं, डोळे एका जागी खिळलेले. मग एक अंडं आलं, ओलं, पांढरं, बोराच्या बीएवढं. तिनं ते मागच्या पायांनी धरलं आणि हळूहळू फिरवत राहिली, आपण गरम लाडू वळतो तसं, वाळेपर्यंत. मग मातीत टेकवलं. थोड्या वेळानं दुसरं. तेही तसंच फिरवलं, पहिल्याला लावून ठेवलं. पोट एकदम पोकळ, दोन्ही बाजूंना सुरकुत्या पडलेलं. ती अंड्यांवरून वळली आणि काचेवरचं पाणी चाटायला लागली.

"दुखत असन का व तिले?" आत्यानं विचारलं.

तेवढ्यात कोनाड्याच्या काठावरून पाटील चुकचुकला. आत्याचा हात सवयीनं जमिनीकडं गेला आणि मधेच थांबला. तशीच, हात अधांतरी धरून ती बसून राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माह्या वक्ताले कोन होती व, इंदू? या भिंतीत?"

सांगणार कोण. तिची आई गेली होती, त्या दिवशी ओसरीत बसलेले सगळे गेले होते, आणि ती पाल तर कधीच गेली होती. आत्यानं ते पुन्हा एकदा म्हटलं, अगदी हळू, जणू आता ती पालीलाच विचारत होती. रडली नाही. उठली, रांजणातलं पाणी घेऊन तोंड धुतलं, अंगणात गेली आणि बाबांच्या हातातली टोपली घेऊन म्हणाली, "सकाळच्या गाडीनं दरेकशाले जा. सुमन दिली म्हनून सांग."

बाबा गोंधळले. "पन बाई, पालीनं तं..."

"पालीले तिचा संसार हाय. जा तू."

ताईच्या ओंजळीतली मोहफुलं खाली सांडली. ती वेचायला वाकली आणि कितीतरी वेळ वाकलेलीच राहिली.

लग्न पावसाच्या आत झालं. दरेकशाहून आलेली मंडळी गाडीतून उतरली तेव्हा नवरदेव सगळ्यांच्या वर डोकं काढून दिसत होता. तुझी उंची त्याची. ताई सासरी जाताना तीच चप्पल घालून गेली. आमच्या ओसरीत त्यानंतर तशी बैठक कधी झाली नाही. आत्यानं बंद केली असं कोणी म्हटलं नाही, तिनं पुन्हा वात सरळ करून काही म्हटलंच नाही. पाल चुकचुकली की बोटं मात्र जमिनीवर जायची, मरेपर्यंत. सवय ती. आणि त्या उन्हाळ्यातल्याच एका बाजारात मी तिच्याबरोबर होते. मागच्या गल्लीशी आलो आणि ती वळली नाही. सरळ त्या ओळीत गेली, हिरव्या चुड्याच्या बाईसमोर उभी राहिली आणि विचारलं, "सांबार कसा देला?" त्या बाईनं दोन जुड्या जास्तीच्या टाकल्या. घरी येईपर्यंत आत्यानं पिशवी माझ्याकडं दिली नाही.

अंडी फुटली तेव्हा पाऊस लागला होता. सुईएवढी दोन पिल्लं, आरपार दिसणारी, जन्मल्याबरोबर किड्यावर झडप घालायला तयार. आई त्यांच्याकडं बघत नव्हती, म्हणून आम्ही त्यांना आधी सोडलं. बांडीनं पुढं नर बरणीत नसताना पुन्हा दोन अंडी घातली आणि सगळ्या बायका चकित झाल्या. किती वर्षांनी एका पुड्याच्या कागदावर वाचलं की मादी नराचं बीज पोटात पुष्कळ दिवस राखून ठेवू शकते. तोवर माझं डोकं त्यात अडकलेलं होतं. शेपूट तिला आली, आधीपेक्षा आखूड, गुळगुळीत, थोडी वेगळ्या रंगाची. शेपूट येईपर्यंत असा करार होता, म्हणून आत्यानं फडकं सोडलं. बांडी लगेच निघाली नाही. मग निघाली ती दक्षिणेच्याच भिंतीवर चढली.

आता तुझं. तुझी आई फोनवर सांगत होती की तुझं स्थळ बघणं चालू आहे, मोबाईलमध्ये नाव आणि जन्मवेळ घातली की गुण निघतात, आणि एका चांगल्या मुलाचे कमी निघाले म्हणून सोडून दिला. मी विचारलं, मनूला तो आवडला होता का? तर म्हणाली, ते काही बोलणं झालं नाही. माझ्या सुमनताईलाही कोणी विचारलं नव्हतं, आत्यानंसुद्धा नाही, अगदी हो म्हणतानाही नाही. ती चप्पल नसती तर मलाही कळलं नसतं. तुझी चप्पल कोणत्या फळीवर आहे ते मला इथून दिसत नाही.

तू मारलेली पाल मेली नाही, हेही सांगून टाकते. ओट्यामागून दोन दिवसांनी निघाली, लंगडत. आता देवघरातल्या घड्याळामागं राहते आणि तिथं दोन अंडी आहेत. काच पुसताना दिसली, मी घड्याळ परत तसंच टेकवून ठेवलं. फुटायला फार दिवस नसतील, त्याआधी ये. गोंदियाला उतरलीस की माझा मुलगा घ्यायला येईल. लाखोळीची डाळ करते, कोचईच्या वड्या करते, फवारा पुण्यातच ठेव. आणि त्या मुलाचं काय ते मला फोनवर सांगू नको. इथं माझ्यासमोर बसून सांग. लवकर ये.